सून घरात आहे म्हणून कौन्सिलने मदत नाकारायची का?

ओव्याचं_पान
इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांची मतं हवी आहेत. बाकीच्यांनीही लिहा, पण जरा जपून.

सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून डावा हात कामातून गेलाय. आंघोळ, कपडे, रात्री बाथरूमला जाणं, सगळ्याला कुणीतरी लागतं. कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, केअर असेसमेंट (कुणाला किती मदत लागते याची तपासणी) मागितली. सोशल वर्कर आली, छान गोड बोलली, चहा घेतला. मग अहवाल आला: सून घरून काम करते, कुटुंबाचा आधार भक्कम आहे, त्यामुळे कौन्सिलने भागवावी अशी गरज नाही. हाती काय आलं, तर बाथरूममध्ये धरायला एक दांडी आणि डे सेंटरचं पत्रक.

घरून काम करते म्हणजे मी दिवसभर मीटिंगमध्ये असते, हे कुठेच लिहिलेलं नाही.

२०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे आधी त्या माणसाला स्वतःहून काय जमत नाही ते बघायचं असतं. घरचे काय करतात ते त्या वेळी हिशेबात धरायचं नाही. गरज ठरली की मग विचारायचं, यातलं कोण काय करू शकतं आणि करायला तयार आहे. आमच्याकडे सुरुवातच माझ्यापासून झाली. "तुम्ही करताय ना हे सगळं? पुढेही कराल ना?" हे विचारलं तेव्हा सासूबाई माझ्या शेजारी, त्याच सोफ्यावर. आपल्यातली कुठली सून तिथे नाही म्हणेल?

मी लेखी तक्रार करणार आहे. नवरा म्हणतो, कशाला उगाच सरकारी लोकांशी वाकडं घ्यायचं.

सदाशिवपेठी
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आईवडिलांचं करणं हे मुलांचं काम. आपल्याकडे भारतात २००७ साली त्यासाठी कायदाच करावा लागला, ज्येष्ठांना न सांभाळणाऱ्या मुलांकडून निर्वाहभत्ता वसूल करता येतो. इथे लाखो घरांत सुना हे सगळं बिनबोभाट करतात. तुम्ही पौंडात कमावता, एक बाई ठेवा. लोकांच्या कराच्या पैशाकडे कशाला बघायचं?

ओव्याचं_पान
"लोकांचा कर" म्हणजे कुणाचा? सासूबाई १९७० च्या दशकात इथे आल्या आणि निवृत्त होईपर्यंत होजिअरीच्या कारखान्यात मशीनवर बसल्या. त्यांच्या प्रत्येक पगारातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन वगैरेसाठीची सरकारी वर्गणी) कापला गेलाय.

आणि तो २००७ चा कायदा एकदा उघडून बघा. त्यात मुलगा आहे, मुलगी आहे, नातू आणि नात आहेत. सून नाही. ती घालायची दुरुस्ती २०१९ मध्ये आली होती, मंजूर झाली नाही. म्हणजे भारतातला कायदासुद्धा जे माझ्यावर टाकत नाही ते तुम्ही टाकताय.

हॅरोचा_बंड्या
बाई ठेवा म्हणे! इथे एजन्सीची केअरर, म्हणजे पगारी मदतनीस, दिवसातून तीनदा यायची तर महिन्याचं बिल बघून घेरी येईल. पुण्याच्या दरावर इथलं गणित मांडू नका.

फाइलवाला
बरीच वर्षं एका कौन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअर विभागात होतो, आता निवृत्त. दुसरी बाजू मांडतो, शिव्या पडल्या तरी चालतील.

ओव्याचं_पान, कायद्याचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण सोशल वर्करला शत्रू समजू नका. तिच्या डोक्यावर मॅनेजर, त्याच्या डोक्यावर बजेट. कौन्सिलला तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही. बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये पैसे संपले म्हणून हात वर केले, नवीन खर्च थांबवला आणि पुढच्या वर्षी कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) जवळजवळ १० टक्क्यांनी वाढवला. एवढं होऊनही केअरची मागणी वाढतच राहते. मग ज्या घरात कुणीच नाही तिथे आधी केअरर पाठवतात आणि जिथे माणसं आहेत तिथे हात आखडतात. मी असतो तर मीही कदाचित एकट्या राहणाऱ्या आजींना आधी दिलं असतं.

आणि तक्रारीने काय होतं तेही सांगतो. सोशल केअर ऑम्बुड्समन (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) फुकट आहे, पण तो तुम्हाला केअररचे तास मोजून देत नाही. सोशल वर्करचं मत त्याला पटतं की नाही हा प्रश्नच नसतो, पद्धत चुकली का एवढंच तो बघतो. चुकली असेल तर माफी, थोडी भरपाई आणि पुन्हा असेसमेंट. निर्णयावर रीतसर अपील करायची सोय केअर ॲक्टच्या ७२ व्या कलमात लिहिली आहे, पण ते कलम सरकारने आजवर लागूच केलेलं नाही. त्यात वर्ष घालवण्यापेक्षा शांतपणे फेरआढावा मागा.

निशिगंध
फाइलवाला, हे शांतपणे मागणं आम्ही आईच्या वेळी केलं. फोन, मग ईमेल, मग पुन्हा फोन. प्रत्येक वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून कहाणी. ज्या दिवशी पत्रावर "तक्रार" हा शब्द लिहिला त्या दिवसापासून उत्तर द्यायला नाव असलेला एक माणूस मिळाला. ऑम्बुड्समनपर्यंत जायची वेळच आली नाही.

आमच्या पहिल्या असेसमेंटला भाऊ दुभाषाचं काम करत होता. आईला विचारलं, आंघोळ स्वतः करता का? आई म्हणाली, "हो, करते की." मुलासमोर बाई दुसरं काय सांगणार? आम्ही दुभाषा मागितला तर म्हणाले मराठी नाही, हिंदी चालेल का. आम्ही हट्ट धरला. दुसऱ्या वेळी फोनवर मराठी बोलणारी बाई होती, भावाला दुकानात पाठवलं, आणि आईने पहिल्यांदा सांगितलं की पडायच्या भीतीने ती आठवडा-आठवडा आंघोळच करत नाही, अंग पुसून घेते. हे आम्हा मुलांनाही माहीत नव्हतं!

आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, पाहुण्यासमोर "आमचं बरं चाललंय" म्हणायची. सोशल वर्कर तेच लिहून घेते.

हॅरोचा_बंड्या
एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. गरज मान्य झाली तरी पुढे पैशाची तपासणी असते. २३,२५० पौंडांच्या वर बचत असेल तर सगळा खर्च स्वतःचा. हा आकडा २०१० पासून हललेला नाही, महागाई कुठल्या कुठे गेली. केअर घरीच घेत असाल तर राहतं घर धरत नाहीत. पण भारतातल्या एफडी आणि नाशिकचा फ्लॅट धरतात, ते लपवायच्या भानगडीत पडू नका. माणसाने आयुष्यभरात केअरवर जास्तीत जास्त ८६,००० पौंड भरावेत अशी मर्यादा येणार होती. पुढे ढकलली, आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने रद्दच केली.

त्यामुळे सासूबाईंची बचत मर्यादेच्या वर असेल तर ही लढाई मुळात कशासाठी, याचा विचार करा.

ओव्याचं_पान
बचत तेवढी नाही. आणि असती तरी असेसमेंट मागायचा हक्क आहेच, पैसे किती आहेत हा प्रश्न नंतरचा.

क्लायडकाठी
आमच्या स्कॉटलंडमध्ये ६५ च्या वरच्यांना पर्सनल केअर २००२ पासून फुकट आहे. पण फुकट असलं तरी असेसमेंटची रांग आहेच. फक्त पैशांचा प्रश्न असता तर आमच्याकडे भांडणं व्हायला नको होती.

सदाशिवपेठी
ठीक आहे, कायद्याचा मुद्दा मान्य. पण एक विचारतो. एवढं सगळं चाललंय, ज्यांच्यासाठी चाललंय त्यांना परकी बाई अंगाला हात लावलेली चालणार आहे का? आमच्या आईला नसती चालली. रोज वेगळी केअरर येते म्हणे, पंधरा मिनिटांत उरकून पळते.

ओव्याचं_पान
विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला पगार मिळतो, तिला हाक मारायला संकोच नाही. तुला रात्री उठवायला नको वाटतं, म्हणून मी संध्याकाळपासून पाणीच पीत नाही." गेल्या हिवाळ्यात लघवीचं इन्फेक्शन होऊन हॉस्पिटलात होत्या त्या.

रोज वेगळी बाई आणि पंधरा मिनिटं, हे मात्र खरं आहे. मीही त्यालाच घाबरते.

निशिगंध
त्यासाठी डायरेक्ट पेमेंट मागा. कौन्सिल पैसे देते, माणूस तुम्ही निवडता. आम्हाला ओळखीतली एक गुजराती बाई मिळाली, आईचं तिच्याशी छान जमतं. मात्र पगाराचा हिशेब, रजा, विमा सगळं आपल्या गळ्यात येतं. त्याच घरात राहणाऱ्या नातेवाइकाला हे पैसे सहसा देता येत नाहीत, म्हणजे तुम्हाला नाही.

फाइलवाला
पाणी पीत नाहीत, हे असेसमेंटमध्ये सांगितलं होतं का? नसेल तर ते पत्राच्या पहिल्या परिच्छेदात जायला हवं. इन्फेक्शनचं डिस्चार्ज लेटर जोडा.

तक्रार करायचीच असेल तर तास मागू नका. लिहा की गरज ठरवताना सुनेची मदत आधीच वजा केली, आणि तयारीचा प्रश्न सासूबाईंसमोर विचारला. या दोन्ही पद्धतीतल्या चुका आहेत, मताचा भाग नाही. सोबत स्वतःसाठी केअररची असेसमेंट (घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्याला काय जमतं याची तपासणी) मागा, तो तुमचा वेगळा हक्क आहे, आणि ती फक्त तुमच्या एकटीशी, घराबाहेर किंवा फोनवर व्हावी असं लिहा. तिथे "रात्रीचं मला जमणार नाही" म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. अटेंडन्स अलाउन्सचा (मदत लागणाऱ्या ज्येष्ठांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा) अर्ज केला नसेल तर आजच फॉर्म मागवा, त्याचा कौन्सिलशी संबंध नाही आणि त्याला बचतही बघत नाहीत.

तरी माझं मत कायम आहे. मिळालं तर सकाळची अर्ध्या तासाची एक भेट मिळेल. रात्रीची केअर कौन्सिल देईल असं मला वाटत नाही.

निशिगंध
आम्हालाही असंच सांगितलं होतं. दोन भेटी मिळाल्या.

ओव्याचं_पान
रात्रीची नाही मिळाली तर नाही का म्हणाले ते तरी लेखी मिळेल. आत्ता तेवढंही नाहीये. पत्राचा मसुदा रविवारी इथेच टाकते, फाइलवाला, लाल पेन घेऊन बसा. नवऱ्याला धागा वाचायला दिलाय.