वर्गणी ऐच्छिक, मग पार्क कोणाचं?

वसाहतीचं पार्क घरमालकांची असोसिएशन सांभाळते, पण तिची वर्गणी ऐच्छिक असली की काही जण भरतच नाहीत. मग ‘वर्गणी न भरणाऱ्यांना पार्कच्या गेटवरच अडवा’ असं काहींचं म्हणणं असतं. अमेरिकेत, निदान आमच्या मेरीलँडमध्ये, हे इतकं सोपं नाही. आधी घराच्या खरेदीखतासोबत नोंदवलेले जुने कागद काढून बघा. अनेक जुन्या वसाहतींत प्लॉट विकतानाच पार्क वापरायचा हक्क लिहून दिलेला असतो. तो घराबरोबर येतो, सभासदत्वाबरोबर नाही. असोसिएशनच्या वाट्याला मग गवत कापणं, झोपाळ्यांची डागडुजी, विमा, आणि वर्गणीसाठी दारोदार फिरणं!

आमच्या शेजारच्या ॲन अरुंडेल काउंटीत यावर तोडगा आहे: ‘स्पेशल कम्युनिटी बेनिफिट डिस्ट्रिक्ट’. पुरेशा घरमालकांनी मागणी केली की काउंटी मालमत्ता करासोबतच ठरलेली रक्कम वसूल करून असोसिएशनला देते. फुकटे आपोआप संपतात, पण दरवर्षी बजेट काउंटीपुढे ठेवावं लागतं. मला तरी हा सौदा परवडणारा वाटतो.

आणि जमीन असोसिएशनच्या नावावर असेल तर कराचं बिल कुठल्या पत्त्यावर जातं ते आजच तपासा. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ टेरेस या गर्भश्रीमंत वस्तीचा खाजगी रस्ता वर्षाला फक्त 14 डॉलर कर थकल्यामुळे 2015 मध्ये लिलावात गेला. बिलं कित्येक वर्षं एका जुन्या अकाउंटंटच्या पत्त्यावर जात होती! 2017 मध्ये विक्री रद्द झाली, पण तोवर रहिवाशांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तुमच्याकडे हा पत्ता कोणाचा आहे?