बागकामात गुडघ्याखाली घ्यायला स्वस्त आणि टिकाऊ गादी कोणती?

परसबाग_सातारा
गच्चीवर विटांचे तीन वाफे आहेत, खाली कोबा. घरामागे थोडी माती, तिच्या कडेने पेव्हर ब्लॉक. खुरपणी आणि रोपं लावताना गुडघे टेकावे लागतात. वजन ८० किलोच्या आसपास. ऑनलाइन ‘गार्डन नीलिंग पॅड’ म्हणून जे मिळतं त्यात जाडी दीड सेंटिमीटरपासून चारपर्यंत दिसते, किमतीही वाट्टेल त्या. चारशे रुपयांच्या आत काय घ्यावं? जुनी सतरंजी किंवा सोफ्याचा फोम चालेल का?

खुरपं_आणि_झारी
सोफ्याचा फोम नको. तो पीयू फोम, त्याची छिद्रं एकमेकांत उघडी असतात, म्हणजे सरळ स्पंजच. ओल्या वाफ्याशेजारी ठेवला की पाणी पितो, दोन दिवस वाळत नाही, वास मारतो. शिवाय ८० किलोखाली तो पार चेपतो आणि गुडघा कोब्यावरच टेकतो. सतरंजी चार घड्या घालून थोडा वेळ चालते, पण भिजली की जड होते आणि खडे तिच्यात रुतून बसतात.

तुम्हाला बंद छिद्रांचा फोम हवा. त्यात बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतील. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा, हलका ईपीई: फुकट मिळतो, पाणी पीत नाही, पण गुडघ्याच्या दोन जागी लवकर खड्डे पडतात आणि ते परत वर येत नाहीत. दुसरा एनबीआर, म्हणजे जाड मऊ योगा मॅटचा फोम. गुडघ्याला छान लागतो, पण खडी आणि विटेच्या कडेवर फाटतो. तिसरा ईव्हीए, मुलांच्या खोलीत जोडून अंथरतात त्या पझल मॅटचा. बागेसाठी हाच घ्या. ‘गार्डन’ छापलेले बरेचसे स्वस्त पॅड ईव्हीएचेच असतात, फक्त हात घालायला एक भोक पाडलेलं.

जाडीच्या आकड्याला भुलू नका. मऊ चार सेंटिमीटरपेक्षा घट्ट अडीच सेंटिमीटर तुमच्या वजनाला बरं. दुकानात घेत असाल तर एकाच मापाचे दोन पॅड हातात तोलून बघा. जड तो सहसा घट्ट. अंगठ्याने दहा सेकंद जोरात दाबा: खालचं टेबल बोटाला जाणवलं तर नको, आणि सोडल्यावर खळगा लगेच भरून आला नाही तरी नको.

लांबी ४५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर दोन्ही गुडघे चिकटवून बसावं लागतं आणि तोल जातो. रुंदीकडे लोक बघतच नाहीत. वीस सेंटिमीटर रुंदीच्या पॅडची मागची कड नडगीत रुतते. अठ्ठावीस-तीस हवी.

चारशेच्या आत सगळ्यात चांगला मार्ग: ६० बाय ६० सेंटिमीटरची, १२ मिलिमीटर जाडीची एक पझल मॅट घ्या. कडेचे दात कापून टाका, मधोमध कापा, दोन्ही अर्ध्या एकावर एक ठेवा. साधारण ६० बाय ३० ची, २४ मिलिमीटरची गादी झाली. कोब्याला एवढी पुरते. पेव्हरवर आणि खडीवर तिसरा थर लागेल, म्हणजे दुसरी मॅट. कापताना धारदार कटर आणि लोखंडी पट्टी घ्या, दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापा. बोथट पात्याने एकदाच दाबून कापलं की कड दातेरी होते आणि तिथूनच फोम कुरतडला जातो.

जांभ्यावरची_वाडी
वरच्याशी सहमत, पण पावसाळ्याचं कुणीच बोललं नाही. ओल्या कोब्यावर किंवा शेवाळलेल्या चिऱ्यावर गुळगुळीत ईव्हीए घसरतो. पुढे झुकून खुरपं ओढताना गादी जागची सरकते. पझल मॅटची खरखरीत बाजू खाली ठेवा, गुळगुळीत वर. वरची मग ओल्या फडक्याने पुसता येते आणि गुडघ्यावर नक्षीही उमटत नाही. तरीही सरकत असेल तर सायकलची जुनी ट्यूब उभी कापून तिच्या दोन आडव्या पट्ट्या खाली चिकटवा.

खताच्या गोणीची खोळ शिवायचा सल्ला हमखास मिळेल. ती ओली झाली की जास्तच घसरते. कोरड्या मातीत ठीक.

दुसरं म्हणजे गादी वाफ्यात ठेवून जाऊ नका. खाली ओल आणि काळोख, गोम आणि मुंग्यांना आयती जागा. उचलताना आधी लांबची कड वर करून बघावं.

फोम_कटर
थर चिकटवायचे असतील तर पांढरा फेविकॉल उपयोगाचा नाही. तो पाणी उडून वाळतो, आणि दोन बंद थरांच्या मध्ये पाण्याला जायला वाट नसते. मधला भाग ओलाच राहतो. चपला-रेक्झिनला वापरतात तो रबरी सोल्युशनचा गोंद घ्या, फेविकॉल एसआर ९९८ सारखा. दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा, धूळ पुसा, दोन्हींवर पातळ हात मारा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकटेल पण तार येणार नाही, तेव्हा जोडा. घाई केली तर आत अडकलेल्या सॉल्व्हंटने फोम फुगतो, फोड येतात. जोडताना एका कडेपासून टेकवत न्या, कारण एकदा टेकलं की सरकवता येत नाही. वर मातीच्या दोन पिशव्या ठेवून रात्रभर राहू द्या. हे काम उघड्यावर करा, शेगडीपासून लांब.

कोपरे वाटी ठेवून गोल कापा. चौकोनी कोपऱ्यापासूनच थर सुटायला लागतात. पांढऱ्या ईपीईवर मात्र हा गोंदही धड धरत नाही.

जांभ्यावरची_वाडी
चिकटवूच नका, असं माझं मत. थर सुटे ठेवून दोन टोकांना रुंद इलॅस्टिक चढवा. भिजले तर वेगळे करून वाळवता येतात, आणि वरचा थर दबला की तो खाली टाकून खालचा वर. चिकटवलेली गादी दबली की सगळीच गेली.

फोम_कटर
सुटे थर ओल्या मातीत एकमेकांवर सरकतात, ते बघा. गच्चीवर सुटे ठीक, मागच्या मातीत चिकटवलेले. काहीही केलं तरी गादी दर आठवड्याला टोकं बदलून फिरवा, म्हणजे गुडघे रोज त्याच दोन जागी पडणार नाहीत. आणि उन्हाळ्यात गच्चीवर उन्हात सोडू नका. ईव्हीए तापून आक्रसतो, कडा वर वळतात.

परसबाग_सातारा
पझल मॅटचं पक्कं. अजून दोन शंका. घरात ७० च्या पुढची व्यक्तीही वापरणार आहे, उठताना आधार लागतो. दोन्ही बाजूंना दांड्या असलेला, उलटा केला की बसायचा बाक होतो, तो घ्यावा का? आणि पट्ट्याने बांधायचे नी-पॅड साडीवर चालतात का?

खुरपं_आणि_झारी
बाक चारशेत येणार नाही, पण आधार लागतोच असेल तर पैसे तिथेच घाला. दोन गोष्टी तपासा: दांड्या उघडल्यावर खटका नीट बसतो का, आणि दोन दांड्यांवर पूर्ण भार दिल्यावर बाक डुगडुगतो का. मऊ मातीत त्याचे पाय एका बाजूने रुततात, खाली फळी घ्या. दोन वाफ्यांमधली जागा आधी मोजा, बऱ्याच गच्च्यांवर तो मावत नाही. आधारासाठी पालथी बादली कधीच नको, कडेवर भार आला की ती उलटते.

नी-पॅड साडीवर घसरतात आणि पट्टा गुडघ्यामागे काचतो. लादी बसवणाऱ्यांना ते सोयीचे, कारण त्यांना सारखं सरकावं लागतं. बागेत पट्ट्याच्या आत खडा शिरला की तो गुडघ्यातच घुसतो. साडीसाठी गादीच बरी.

गुडघा वाकायलाच त्रास होत असेल तर मात्र कुठलीही गादी नको. गुडघा फार दुमडावा लागणार नाही एवढ्या उंचीचं स्टूल घ्या आणि वाफा विटांचे दोन थर वाढवून वर घ्या. सांधा बदललेला असेल तर गुडघे टेकण्याआधी सर्जनला विचारा.

जांभ्यावरची_वाडी
दोन्ही गुडघे टेकून टाचांवर बसण्यापेक्षा एक गुडघा गादीवर आणि दुसरा पाय पुढे टेकलेला, असं बसायला सांगा. पाच-दहा मिनिटांनी पाय बदलायचा. हात ताणून काम करण्यापेक्षा गादी पुढे सरकवावी. गुडघ्याच्या वाटीवर पाण्याच्या फुग्यासारखी सूज आली तर टेकणं बंद. ती गरम आणि लाल असेल, ताप असेल किंवा गुलाबाचा काटा लागलेला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर.

परसबाग_सातारा
दोन मॅट घेतो. गच्चीसाठी दोन थर सुटे, मागच्या मातीसाठी दोन थर चिकटवून. पेव्हरवर काम असेल तेव्हा गच्चीच्या जोडीतला एक थर चिकटवलेल्या गादीवर टाकेन.

फोम_कटर
चालेल. तो वरचा थर टाकताना खरखरीत बाजू खालीच, नाहीतर गादीवर गादी घसरेल.