सुट्या भागांतली बीएसए गोल्ड स्टार: खरी कशी ओळखावी, किती द्यावेत?

उद्यमनगरकर

सगळ्यांना नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा, नऊ वर्षं झाली इंग्लंडात डर्बीला आहे. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात कास्टिंगचं काम होतं आणि त्यांच्याकडे बीएसएची बी-३३ मोटरसायकल होती, एका सिलिंडरची, पाचशे सीसी. मी बारावीत असताना ती विकावी लागली. बीएसए समोर आली की माझं डोकं नीट चालत नाही, म्हणून इथे विचारतोय.

इथून तासाभरावर एका गॅरेजात डीबीडी-३४ गोल्ड स्टार आहे, बीएसएची पाचशे सीसीची वेगवान गाडी. आहे म्हणजे अकरा खोक्यांत आहे. फ्रेम भिंतीला टांगलेली, चाकं कोपऱ्यात, क्रँककेसचे (इंजिनाच्या खालच्या कवचाचे) दोन्ही अर्धे वर्तमानपत्रात गुंडाळलेले, बारीकसारीक सगळं बिस्किटांच्या डब्यांत. मालक वारले, जावई विकतोय. त्याचं म्हणणं, ही गाडी १९५६ च्या क्लबमन्स टीटीत, म्हणजे क्लबच्या हौशी स्वारांच्या रस्त्यावरच्या शर्यतीत, आयल ऑफ मॅन बेटावर धावलीय. पुरावा म्हणजे एक कृष्णधवल फोटो. वळणावर झुकलेली गोल्ड स्टार दिसते, स्वार ओळखू येत नाही. रजिस्ट्रेशनचा कागद नाही. मागतोय ११,००० पौंड. जोडलेली, चालती गाडी १६,००० ला जाते, म्हणजे पाच हजार तुमचे, असा त्याचा हिशेब.

इंजिनवर डीबीडी३४जीएस आणि पुढे पाच हजारांतला आकडा. फ्रेमवर सीबी३२ आणि भलताच आकडा. हे दोन जुळत नाहीत, त्याचीच जास्त धास्ती आहे. शनिवारी परत जायचंय. काय काय बघू? माझ्याकडे साठवलेले नऊ हजार आहेत, ते गेले तर पुन्हा साठायला बरीच वर्षं लागतील.

साताऱ्याची मॅचलेस

दादा, घेऊ नका. मी अशीच खोललेली मॅचलेस घेतली होती, "सगळं आहे, फक्त जोडायचं" असं ऐकून. प्रायमरी चेनकेसचा आतला अर्धा आणि ऑइल पंप नव्हताच. दोन्ही मिळवायला सहा वर्षं गेली. माणूस गाडी खोलतो तेव्हा त्याच्या डोक्यात नकाशा असतो, तो माणूस गेला की नकाशाही गेला. घ्यायचीच असेल तर आधी पार्ट्सचं पुस्तक मिळवा, खोकी जमिनीवर रिकामी करा आणि पानागणिक टिकमार्क करा. पाच तास लागले तरी चालतील. जावई कंटाळला तर तेही काही सांगून जातं.

लेस्टरचे काका

अरे, नंबर जुळत नाहीत म्हणून घाबरू नकोस. बीएसएच्या स्मॉल हीथच्या कारखान्यात गोल्ड स्टारच्या इंजिनाला आणि फ्रेमला एकच नंबर देतच नव्हते, दोन्हींच्या मालिका वेगळ्या चालत. उलट कुणी "मॅचिंग नंबर" म्हणून गोल्ड स्टार विकत असेल तर मी दोन पावलं मागे सरकेन. कोणतं इंजिन कोणत्या फ्रेममध्ये बसून कारखान्याबाहेर पडलं, कधी आणि कुठल्या डीलरकडे, हे कारखान्याच्या पाठवणीच्या वह्यांत लिहिलंय. बीएसएच्या मालकांचा क्लब आहे, गोल्ड स्टारवाल्यांचा वेगळा आहे. दोन्ही नंबरांचे स्वच्छ फोटो आज रात्रीच पाठव. शनिवारच्या आधी उत्तर आलं नाही तर शनिवार पुढे ढकल. साठ वर्षांहून जुनी गाडी आणखी एक आठवडा थांबते.

आता टीटीची गोष्ट. बेटावरची क्लबमन्स टीटी १९५६ साली शेवटची झाली. त्या वर्षी बर्नार्ड कॉडनं ज्युनिअर (३५० सीसी) आणि सीनिअर (५०० सीसी) दोन्ही शर्यती गोल्ड स्टारवर जिंकल्या, त्याच्या आदल्या वर्षी एडी डाउनं सीनिअर. त्यामुळे इथल्या गावोगावी जुन्या गोल्ड स्टारला टीटीची आख्यायिका चिकटलेली सापडते. पण डीबीडी-३४ ची इंजिनं १९५६ मध्ये २००१ या नंबरापासून सुरू झाली. पाच हजारांतलं इंजिन त्या जूनमध्ये ओतलंसुद्धा नव्हतं. फोटो खरा असेल, शर्यत खरी असेल, ही गाडी ती नव्हे. जावई खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, त्यानं सासऱ्याकडून ऐकलेलं सांगितलं असेल. पण त्या गोष्टीचे पैसे शून्य.

यानं गाडी खोटी ठरत नाही बरं का. गाडी तपासायचीय ती वेगळी, आणि त्यासाठी ती खोललेली आहे हे तुझं भाग्य. पॉलिश मारून उभ्या केलेल्या गाडीत जे कधीच दिसत नाही ते सगळं तुझ्यासमोर उघडं पडलंय.

क्रँककेसपासून सुरू कर. नंबरच्या जागेवर बॅटरीचा उजेड आडवा टाक. ग्राइंडरच्या किंवा फाइलच्या रेघा, नंबराभोवती आलेला खोलगटपणा, शेजारच्या धातूपेक्षा वेगळी चकाकी, असं काही दिसलं की हात आखडता घे. आकडे जरा वाकडेतिकडे असतील तर चिंता नको, ते हातानं पंच केलेले असत. नव्या क्रँककेस आजही ओतून मिळतात, त्यावर कुणीही हवा तो नंबर ठोकू शकतो. जुनं कास्टिंग आणि नवं कास्टिंग यांतला फरक तुझ्या वडिलांच्या भट्टीशेजारी वाढलेल्या माणसाला मी काय सांगू? मग दोन्ही अर्धे उलटे करून खालच्या बाजूला बघ. ते जोडीनं मशीन होत, जोडीचा नंबर दोन्हींवर एकच हवा. वेगळा असेल तर मेन बेअरिंगची रेषा जुळेल याची खात्री नाही, आणि ते काम महाग पडतं.

क्रँक हातात घे. तुमच्या घरी बी-३३ होती, तर तिचीही बोअर ८५ आणि स्ट्रोक ८८ मिलिमीटरच होती, म्हणजे मापावरून फसशील. पण १९५४ च्या सीबी-३४ पासून पाचशेच्या गोल्ड स्टारला कनेक्टिंग रॉड आखूड केला, आणि पिस्टनच्या स्कर्टला लागू नये म्हणून फ्लायव्हील अंडाकृती केली. तुझ्या खोक्यातली फ्लायव्हील पूर्ण गोल निघाली तर आत बी-३३ ची क्रँक आहे. सिलिंडर अॅल्युमिनियमचा, आत बिडाचा लाइनर, आणि पुशरॉडचा बोगदा सिलिंडरबरोबरच ओतलेला हवा.

फ्रेमला उजवीकडच्या खालच्या नळीत ऑइल पंपाला जागा देण्यासाठी एक वाक आहे. गोल्ड स्टारची ही खूण जगजाहीर आहे, म्हणूनच बीएसएच्याच साध्या बी-३१ च्या फ्रेमची नळी तापवून वाकवणारेही निघाले. वाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरव. कारखान्याचा वाक गुळगुळीत लागतो, भट्टीवर केलेल्याला सुरकुत्या पडतात.

गिअरबॉक्सवर आरआरटी-२ असा पंच असेल, म्हणजे शर्यतीसाठीचा, जवळजवळच्या गुणोत्तरांचा गिअरसंच. कवचावरच्या पंचावर थांबू नकोस, आत बघ. दात मोज आणि गुणोत्तर काढ. आरआरटी-२ मध्ये पहिला गिअर टॉपच्या साधारण पावणेदोन पट असतो, साध्या बॉक्समध्ये अडीच पटीच्या पुढे. क्लबमन, म्हणजे शर्यतीच्या धाटणीची गोल्ड स्टार पहिल्याच गिअरमध्ये ताशी ६० मैलांपर्यंत खेचते ती यामुळे. खरा संच नसेल तर किमतीत मोठा खड्डा पडतो. तसंच कार्ब्युरेटर अमालचा जीपी, दीड इंची, हवा. पुढचं ब्रेक ड्रम १९० मिलिमीटरचं निघालं तर ते वरकड समज, सगळ्यांना नसे.

हे सगळं बघून ये, मग पैशांचं बोलू.

उद्यमनगरकर

काका, काल सकाळी नऊला गेलो, अंधार पडल्यावर परतलो. साताऱ्याच्या दादांनी सांगितलं तसं ताडपत्रीवर सगळं मांडलं. जावई शेवटी स्वतःच डबे उघडून देत होता, चहाही त्यानंच केला.

क्रँककेसच्या खालचे जोडीचे नंबर एकच आहेत. नंबरची जागा स्वच्छ, रेघ नाही. फ्लायव्हील अंडाकृती! हातात घेतल्यावर दोन मिनिटं काही बोलता येईना, वडिलांना हे दाखवता आलं असतं तर, असं वाटत राहिलं. फ्रेमचा वाक गुळगुळीत. गिअरचे दात तीनदा मोजले, पहिला १.७५ येतो. कार्ब्युरेटर मात्र जीपी नाही, मोनोब्लॉक आहे. मॅगडायनोचं (ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र) आर्मेचर जळालेलं. मागचा हब चिरलेला, एकच स्विंगआर्म बुश, रेव्ह काउंटर नाही, एक्झॉस्टचा पाइप दुसऱ्याच गाडीचा. टाकी स्टीलची, आत गंज.

क्लबचं उत्तर शुक्रवारीच आलं होतं. इंजिन १९६० मध्ये इथल्याच एका डीलरकडे क्लबमन म्हणून गेलंय. फ्रेम मात्र त्या इंजिनाबरोबरची नाही. ती कॅटॅलिना स्क्रॅम्बलर, म्हणजे मातीतल्या शर्यतींची गोल्ड स्टार म्हणून अमेरिकेला गेलेली, केव्हातरी परत आलेली. म्हणजे दोन्ही खऱ्या, पण एकत्र जन्मलेल्या नाहीत. आता?

साताऱ्याची मॅचलेस

दोन्ही खऱ्या निघाल्या हे ऐकून बरं वाटलं, दादा. माझं "घेऊ नका" मागे घेतो. पण किंमत अकरा नाही.

लेस्टरचे काका

अकरा नाहीच. जावयाचा हिशेब उलट्या टोकाला सुरू होतो. "जोडलेली सोळाला जाते" हे खरं मानलं तरी ते सोळा कुठल्या गाडीचे? इंजिन आणि फ्रेम वहीत एकाच ओळीवर असलेल्या, नंबरप्लेट आणि कागद असलेल्या. तुझी त्या रांगेत बसत नाही. वेगवेगळ्या दोन खऱ्या गाड्यांतून झालेल्या गाडीची चालती किंमत काय, ती आधी ठरव. गेल्या दोन वर्षांच्या लिलावांचे निकाल बघ, पण फक्त विकल्या गेलेल्यांचे. जाहिरातीतला आकडा म्हणजे मालकाची इच्छा.

मग त्यातून वजा करत ये. जीपी कार्ब्युरेटर, मॅग्नेटो भरून घेणं, हब, क्रँकची बेअरिंग आणि बिग एंड, पिस्टन, एक्झॉस्ट, चाकांच्या तारा, क्रोम. प्रत्येकाचा लेखी दर माग. बेरजेत वर पाचवा हिस्सा घाल, कारण डबा उघडल्यावर आणखी काहीतरी निघतंच. जोडण्याची तुझी मजुरी मोजायची की नाही ते तू ठरव, मी मोजत नाही.

कागदाचंही मनात धर. नोंदणी करताना गाडीचं वय पटवावं लागतं, क्लबचं तारखेचं पत्र त्याला लागतं. वय सिद्ध झालं नाही तर क्यूनं सुरू होणारा नंबर मिळतो आणि गाडीची किंमत घसरते. म्हणून इसार देण्याआधी क्लबच्या माणसाला दोन ओळींत विचार, या जोडीला पत्र देणार का. आणि विक्रीच्या पावतीवर दोन्ही नंबर लिहून घे, मालकाच्या वारसाची सही घे. जावई सहसा वारस नसतो, मुलगी असते.

उद्यमनगरकर

काका, झालं. माझा आकडा ६,८०० आला. कागद त्याच्यासमोर ठेवला, प्रत्येक ओळ दाखवली, वहीतलं उत्तरही दाखवलं. टीटीचं ऐकून तो गप्प झाला, मग म्हणाला की सासऱ्यांनी कधी शर्यतीत भाग घेतल्याचं त्यालाही आठवत नाही. त्यानं बायकोला आत विचारलं आणि ती बाहेर आली. ७,२०० ला ठरलं. पावतीवर सही तिची आहे. फोटो तिला परत द्यायला गेलो तर तिनं बघितला आणि म्हणाली, हा बाबांचा भाऊ आहे. फोटो तिच्याकडेच राहिला.

क्लबच्या माणसाचं उत्तर आलंय, पत्र मिळेल, फक्त त्यात इंजिन आणि फ्रेम वेगवेगळ्या तारखांनी लिहिलेलं असेल. मला तेच हवंय.

खोकी आता माझ्या गॅरेजात आहेत. आज बोअर मोजली. लाइनर आधीच ४० थाउ (इंचाचे हजारावे भाग) वाढवलेला आहे आणि तळाशी एका बाजूला गंजाचे खड्डे आहेत, नखाला लागतात. आणखी बोअर करायची जागा राहिलीय का, की नवा लाइनर घालून मूळ मापावर यावं? तुम्ही काय केलं असतं?