कोलेहमाइनेनची वेळ आणि अँटवर्पचं अंतर

फिनलंडचा धावपटू हान्नेस कोलेहमाइनेन याची 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमधली मॅरेथॉनची 2:32:35.8 ही वेळ कधीकधी आजच्या वेळांशेजारी मांडली जाते. तशी तुलना त्याच्यावर अन्याय करते. तो मार्ग 42.75 किमीचा होता, म्हणजे आजच्या 42.195 पेक्षा 555 मीटर जास्त. सरासरी काढली तर किमीला साधारण 3 मिनिटं 34 सेकंद पडतात. त्याच गतीने आजचं अंतर 2:30:40 च्या आत संपलं असतं. एवढं पळूनही एस्टोनियाचा युरी लॉसमन फक्त 12.8 सेकंद मागे!

कोलेहमाइनेन हा गडी मुळात ट्रॅकवरचा. 1912 ला स्टॉकहोममध्ये 5000 मीटर, 10000 मीटर आणि वैयक्तिक क्रॉसकंट्री अशी तीन सुवर्णं. 5000 मध्ये फ्रान्सच्या ज्यां बुआंपेक्षा तो जेमतेम 0.1 सेकंद पुढे होता. मग महायुद्धामुळे 1916 चं ऑलिंपिक झालंच नाही. मधली उमेदीची वर्षं अमेरिकेत गवंडीकाम करत गेली. म्हणून मला अँटवर्पचं सुवर्ण आधीच्या तिन्हींपेक्षा मोठं वाटतं.

याच शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले 2:50:45.4 वेळेत 19 वे आले. हाच हिशेब त्यांना लावा: किमीला 4 मिनिटांच्या किंचित आत, आजच्या अंतराला सुमारे 2:48:30.