यार्डाकडेला रूळ पडताना बघून अर्थ लावावा की नाही?

खारेगावकर

कळव्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवरून रेल्वे यार्डाची एक कड दिसते. पाऊस उघडल्यापासून तिथे काम चालू आहे आणि मी रोज सकाळी चहा घेऊन ते बघतो. आधी झुडपं काढली, मग मुरमाचा भराव, त्यावर रोलर, मग खडी. गेल्या आठवड्यात रुळाखाली आडवे घालायचे स्लीपर उतरले. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं की हा नुसता गाडी उभी करायचा फाटा नाही, इथे सांधा बसणार आणि गाड्या वळणार. लगेच एकाने सुनावलं, "अफवा पसरवू नका." म्हणून हा धागा.

माझं मत ठाम आहे. रुळाच्या कामात काही लपत नाही. साध्या रुळाखालचे काँक्रीटचे स्लीपर सगळे एका मापाचे, 2.75 मीटर. सांध्याखालचे क्रमाने लांब होत जातात, कारण तिथे एका वाटेच्या दोन वाटा होतात. मी ट्रेलरवरून उतरताना ते लांब स्लीपर पाहिले आहेत. तसंच भरावाचं. नव्या कामात शेजारच्या दोन मार्गांच्या मध्यरेषांत 5.3 मीटर अंतर ठेवतात. इथला भराव एका मार्गासाठी उगाच इतका रुंद करणार नाहीत. ज्याला डोळे आहेत त्याने बघावं, अर्थ लावावा आणि चार लोकांना सांगावंही. रेल्वे आपल्या दारात काय करतेय हे कळायला कागद हाती येण्याची वाट का बघायची?

माजी पीडब्ल्यूआय

खारेगावकर, मी पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखभाल बघणारा निरीक्षक होतो, सारी नोकरी त्याच खात्यात केली, म्हणून स्पष्ट लिहितो. स्लीपर तुम्ही बरोबर ओळखलेत. पण यार्ड हे गोदामही असतं. आज तिथे उतरलेला माल रात्रीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवतात तेव्हा, उचलून तीन स्टेशनं पलीकडे जातो. जिथे माल पडला तिथेच तो बसणार, असं धरून चालू नका.

दुसरं त्याहून मोठं. रूळ कुठून कुठे जातो ते डोळ्यांना दिसतं, त्यावरून कोण धावणार ते दिसत नाही. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका आठवा. वर्षानुवर्षं आपण सगळे म्हणत होतो, नवे रूळ मेल-एक्स्प्रेससाठी. झालं काय? फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने वळवल्या आणि त्या आधी ज्यातून जात तो 1916 चा पारसिक बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. खिडकीतून रोज काम बघणारे लाखो प्रवासी होते, त्यातल्या किती जणांनी हे ओळखलं?

मुंब्रा फास्ट

पीडब्ल्यूआय काका, तुमचंच उदाहरण मी उलटं वाचतो. ते काम एका रात्रीत झालं नाही. डिसेंबर 2021 पासून एकामागून एक ब्लॉक घेतले, फेब्रुवारी 2022 मध्ये तर 72 तासांचा. प्रत्येक ब्लॉकनंतर कुठला जुना रूळ तोडला आणि नवा कुठे जोडला, हे दारात उभ्या माणसालाही दिसत होतं. लोक चुकले ते बघितल्यामुळे नाही. काम सुरू होतानाच मत बनवून ठेवलं आणि जोड बघायला कोणी थांबलं नाही, म्हणून चुकले. मी रोज त्याच गाडीने जात होतो, मीही थांबलो नाही. खारेगावकरांनी बघत राहावं, सांगतही राहावं.

दिघ्याची

तुम्हा तिघांना हे कुतूहल वाटतं. आमच्याकडे त्याचे पैसे मोजावे लागलेत.

माझ्या भावाला एका एजंटने गच्चीवर नेऊन दिघा गाव स्टेशनचं काम दाखवलं. फलाट दिसतोय, रूळ तर आहेतच, दिवाळीपर्यंत गाडी थांबेल म्हणाला. भावाने त्या हिशेबाने घर घेतलं. स्टेशन तयार होऊनही महिनोन् महिने बंद राहिलं, उघडलं जानेवारी 2024 मध्ये. तोवर तो पहाटे रिक्षाने ऐरोली गाठत होता. डोळ्यांना दिसलेलं खोटं नव्हतं, पण त्याचा काय उपयोग झाला?

आणि ऐरोली-कळवा उन्नत रेल्वेमार्गाच्या आड ज्यांची घरं येतात, त्यांचा विचार करा. तिकडे कोणी फीत घेऊन फिरलं, चुन्याची रेघ मारली, तरी त्या रात्री माणसं झोपत नाहीत. तुम्ही ग्रुपवर "सांधा बसणार" लिहिता, आमच्या गल्लीत पोचेपर्यंत त्याचं "घरं जाणार" होतं. बघायला माझी ना नाही, पण अर्थ स्वतःपाशी ठेवा.

खारेगावकर

ताई, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. ग्रुपवर मी "लांब स्लीपर उतरले" एवढंच लिहायला हवं होतं. "गाड्या वळणार" हा माझा निष्कर्ष होता आणि मी तो बातमीसारखा लिहिला. ही चूक मान्य.

पण गप्प बसायचं म्हणाल तर ते पटत नाही. एजंटचं फावलं ते इतरांना वाचता येत नव्हतं म्हणून. फलाट बांधून झाला म्हणजे लगेच गाडी थांबते असं नाही, आधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी लागते, नव्या सिग्नलवर फुलीच्या पट्ट्या असतील तर तो अजून चालू नाही, एवढं भावाला कोणी सांगितलं असतं तर त्याने एजंटला चार प्रश्न विचारले असते. ज्यांच्या घरावर रेघ येते त्यांना तर हे सगळ्यात आधी कळायला हवं. चुन्याची कुठली रेघ खांबाच्या पायाची आणि कुठली हद्दीची, हे कळलं तर निदान चुकीच्या रेघेपायी रात्र जाणार नाही.

दिघ्याची

हे शिकवायला कोण येतं आमच्या गल्लीत? तुम्ही याल का? याल तर माझं म्हणणं मागे घेते.

खारेगावकर

येईन. पीडब्ल्यूआय साहेब बरोबर असतील तर जास्त बरं.

माजी पीडब्ल्यूआय

येतो. पण खारेगावकर, आधी तुमचा अभ्यास पुरा करा. सांधा म्हटलं की कुठला, ते सांगता आलं पाहिजे. 1 ला 8.5 चा, म्हणजे साडेआठ फूट पुढे जाताना एक फूट बाजूला सरकणारा असेल तर त्याचा संच 54 स्लीपरचा, 1 ला 12 चा असेल तर 83 चा. पहिला जास्त तिरका, यार्डात आणि मालगाडीच्या वाटेवर चालतो. प्रवासी गाड्यांच्या वाटेवर दुसरा घालतात. मोजा आणि मग बोला. मोजायचं ते गच्चीवरूनच. रुळात उतरलात तर रेल्वे कायद्याचं कलम 147 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहीपेक्षा, कारशेडमधून रिकामी लोकल फार आवाज न करता येते. ती अंगावर येईपर्यंत कळलं नाही अशी माणसं मी उचलली आहेत.

खारेगावकर

आज सकाळी मोजले. 61 पर्यंत गेलो, पुढे खडी ठोकून बसवायचं टॅम्पिंग मशीन उभं आहे, पलीकडचं दिसत नाही. म्हणजे 54 च्या वर गेलेच.

माजी पीडब्ल्यूआय

किंवा 8.5 चे दोन संच शेजारी लावून ठेवलेत. स्लीपरवर क्रमांक असतो. 54 नंतर 55 आहे की पुन्हा 1, ते बघा.

खारेगावकर

एवढ्या लांबून आकडा दिसत नाही. भाच्याकडे दुर्बीण आहे, रविवारी आणतो.