सातव्या दिवसानंतर माणसं येत का नाहीत?

धागाकर्ती:
मी लसीकरणाच्या खोलीत काम करते. कुत्रा चावला की रेबीजच्या लसीसाठी पहिल्या दिवशी अख्खं घर धावत येतं. पुढे गळती सुरू होते, आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचा रकाना रजिस्टरमध्ये ओळीने कोरा. फोन केला की उत्तर ठरलेलं: "जखम भरली की आता." जखम भरण्याचा इथे काय संबंध? विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकत असतो. लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित वर्षाहून जास्त. आणि एकदा पाण्याचा घोट घेताना घसा आवळू लागला की जवळजवळ कुणीच वाचत नाही. काहीजण तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन निश्चिंत होतात. हा निष्काळजीपणाच आहे.

रोजंदार:
ताई, नाही पटलं. पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४, २८ या दिवशी अशा पाच खेपा. दर खेपेला मजुरी बुडते. पुतण्याच्या कार्डावर तारखाच नव्हत्या, नुसतं "पुन्हा या". चौथ्या खेपेला गेलो तर लस संपलेली. हा निष्काळजीपणा कुणाच्या नावावर टाकायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये त्वचेत द्यायच्या लसीचं ०, ३, ७ असं आठवड्यात संपणारं वेळापत्रक सुचवलंय. ते सगळीकडे का नाही?

धागाकर्ती:
तारखा न लिहिणं चूकच. पण मी लाल शाईने लिहून देते, लसही असते, तरी येत नाहीत. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडं, दिलेले तर हमखास म्हणतात, "ते मोठं इंजेक्शन झालं ना!" अहो, त्या तयार प्रतिपिंडांचा आधार काही आठवड्यांचाच. तेवढ्यात लसीने शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हावी लागतात.

पशुवैद्य:
दोघांनाही एक सांगतो. चावलेला कुत्रा किंवा मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर राहून ठणठणीत असेल, तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. म्हणजे प्रत्येक कोरा रकाना गुन्हा नव्हे. पण लोक तिसऱ्याच दिवशी कुत्र्याला शेपूट हलवताना बघतात आणि परस्पर निकाल लावतात. वटवाघूळ, कोल्हा यांना तर हा नियम लागूच नाही.

रोजंदार:
आमचा कुत्रा भटका होता, पुन्हा दिसलाच नाही.

धागाकर्ती:
मग वाद राहू द्या, पुतण्याचे डोस किती झाले? उशीर झाला म्हणून सहसा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेले तिथून पुढे देतात. कार्ड घेऊन जा.

रोजंदार:
तीन झालेत. उद्या सकाळीच नेतो.