दुखणं अंगावर काढलेले दिवस

गिरणगावकरीण:
काल माळा आवरताना बाबांचा छातीचा एक्स-रे सापडला. १९९५च्या दिवाळीतलं सूर्यग्रहण आम्ही चाळीतल्या पोरांनी त्यातूनच पाहिलेलं.
१९८२चा गिरण्यांचा संप झाला आणि बाबा गोदीत हमालीला लागले. खोकला होताच. गोळ्या-इंजेक्शनं फुकट होती हो, पण सकाळी दवाखान्याची रांग धरली की खाडा, आणि खाडा म्हणजे चूल बंद. जरा बरं वाटलं की सोडून द्यायचे. टीबी उलटला तेव्हा आईचं डोरलं गेलं. बाहेर सांगायचं 'ब्राँकायटिस', कारण आत्याचं लग्न ठरायचं होतं. पुढे बरे झाले, पण जिन्यावर दम लागायचा तो शेवटपर्यंत.
तुमच्याकडचंही लिहा.

कांदेपोहे:
अगं आम्हीपण एक्स-रेतूनच! आमच्याकडे आजोबांची मोडलेली तंगडी होती, सूर्य कायम नडगीमागे 😄

सायनवाली:
पोळ्यांच्या मावशी गोवंडीला, एसआरएत (झोपडपट्टी पाडून बांधलेल्या इमारतीत). खिडकीतून हात काढला तर समोरच्याच्या ग्रिलला लागतो, भर दुपारी ट्यूब लावतात. मुलीला टीबी. सहा महिन्यांचा कोर्स, सरकारी, फुकट. लघवी लाल झाली म्हणून बंदच करणार होत्या, त्या गोळीचाच रंग तो. निक्षयचे (टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते) महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. परवा पीठ मळता मळता म्हणाल्या, "ताई, आता तिला भूक लागायला लागलीय, तीच काळजी." मला काही बोलताच आलं नाही.
थांबा, दूध उतू गेलं.

कांदेपोहे:
बापरे.

सांगोलेकर:
मेव्हण्याचं कॅन्सरचं ऑपरेशन, परळला. केशरी रेशनकार्डावर सरकारच्या फुले आरोग्य योजनेत बसलं. पण कार्डावर आणि आधारवर नावात एका वेलांटीचा फरक, त्यात दोन दिवस गेले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून निभावलं, नाहीतर फूटपाथच. सोबत्याचं खाणं, एसटी, गावाकडची बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसवणार? शेवटी शेळ्या विकल्या.

लोकलमधून:
उभ्याने टाईप करतेय, माझंही आहे, घरी जाऊन लिहिते. @गिरणगावकरीण चाळ कुठली? लालबाग?

गिरणगावकरीण:
करी रोड. पाडली आता, टॉवर झालाय.

सायनवाली:
ग्रहणावरून आठवलं, २ ऑगस्ट २०२७ला आपल्याकडे खंडग्रास आहे. या वेळी चष्मे घ्या बायांनो, नडग्या नकोत!